मडकं कोणी धरायचं?

आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, दिवेलागणीच्या वेळी हे कसलं अभद्र बोलणं! मरणाचं नाव घरात काढू नये, असं आपल्या सासवा सांगायच्या. पण घरात मयत झाली की पहिल्या दोन तासांत किती गोष्टी ठरतात, ते आठवून पाहा. लाकडं कुठून आणायची, सोयऱ्यांना निरोप कोणी द्यायचा, पुण्याला कामाला गेलेल्या पोराची वाट पाहायची का, आग कोणी द्यायची, तेरवीला किती पानं उठवायची. हे सगळं बाहेर ओसरीवर बसलेली माणसं ठरवतात. ज्या बाईचं माणूस गेलं ती आत बायकांच्या घोळक्यात बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही. तेरा दिवसांनी पंगती उठतात, मंडप निघतो, आणि किराणा दुकानदाराची उधारी मात्र तिच्या पदरात पडते.

कोणी काही बोललं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘आपल्यात असंच असतं, वाडवडलांपासून चालत आलंय.’ म्हणून आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. अंत्यविधीच्या रीती खरंच कधी बदलल्या नाहीत का? बदलल्या असतील तर कोणी बदलल्या, आणि त्यात बाईचा वाटा काय होता?

आधी आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडेच पाहू या. एकाच तालुक्यात किती रीती सापडतात! कुणबी, माळी, तेली यांच्यात बहुतेक ठिकाणी दहन करतात. गोंड आणि कोलाम यांच्यात पुरण्याची जुनी चाल आहे. महानुभाव पंथाचे लोक पुरतात. लिंगायत समाजात देह बसवून पुरतात. मुसलमान दफन करतात. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील होतं, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होतं. कुठे दहावा मोठा, कुठे तेरवी मोठी. शेजारच्या घरात जी गोष्ट चालत नाही ती आपल्या घरात चालते. म्हणजे ‘असंच असतं’ हे वाक्य एका गावातसुद्धा टिकत नाही. रीती माणसांनीच ठरवल्या आहेत.

आता जरा मागे जाऊ या, १८९० सालात. पुण्यात २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले गेले. त्यांनी आपल्या शेवटाचा विचार आधीच करून ठेवला होता. मला जाळू नका, मिठात घालून पुरा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावं लागलं. पुढे त्यांच्या अस्थी त्याच जागेत ठेवण्यात आल्या.

दुसरी गोष्ट वारसाची. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. त्यांनी एका विधवा ब्राह्मण बाईचा मुलगा यशवंत दत्तक घेतला होता. १८८७ मध्ये जोतीरावांनी इच्छापत्र करून यशवंतला वारस नेमलं. तरी अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. टिटवं धरण्याचा मान आमचा, दत्तक पोराचा नाही, असं त्यांचं म्हणणं. टिटवं म्हणजे तिरडीपुढे चालणाऱ्याच्या हातातलं विस्तवाचं मडकं. हा वाद नुसत्या मडक्याचा नव्हता. मडकं धरील तो वारस, अशी समजूत होती आणि अजूनही कित्येक गावांत आहे. त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवं हाती घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या देहाला अग्नी दिला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आज वर्तमानपत्रात बातमी येते, ‘मुलींनी दिला वडिलांना भडाग्नी’, आणि आपल्याला नवल वाटतं. नवल कशाचं? ते पाऊल तर सावित्रीबाईंनी १८९० मध्येच टाकलं होतं.

त्याच काळात आपल्या वऱ्हाडातूनही एक आवाज उठला होता. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव वणी जिल्हा होतं, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आलं. वऱ्हाडातल्याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे राहत होत्या. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता. नवरा मेला तर बाईचं सगळं काढून घेता, मग बायको मेली तर पुरुषाचं काय काढून घेता? तो तर पुन्हा बाशिंग बांधायला मोकळा! त्या काळी ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत विधवेचे केस भादरत असत. कुणबी-माळ्यांत पाट लावून बाईला दुसरा संसार करता येई, पण बांगडी, कुंकू, हळदीकुंकवाचा मान हे तिच्याकडूनही जाई. पुढे १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा फिरवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हे लक्षात घ्या. रीत पाळायला कोणाचा तरी हात लागतो. तो हात नाही म्हणाला की रीत जागच्या जागी थांबते. आज विधवेच्या बांगड्या फोडायला हात कोणाचा लागतो? बहुतेक वेळा बाईचाच, नात्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईचा.

आता आपल्या संतांकडे येऊ. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या समाजात मुलीच्या बारशालाही दारू-मटणाचं जेवण द्यावं लागे. बाबांनी ते मोडलं आणि पंगतीला बुंदीचे लाडू वाढले. लोक चिडले, पण बाबा हटले नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनातून एकच सांगितलं: कर्ज काढून देवकार्य करू नका, सण करू नका, पंगती घालू नका, तो पैसा पोरांच्या शाळेला लावा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला ते गेले. माझी मूर्ती, मंदिर करू नका, हेही त्यांनी जिवंतपणीच सांगून ठेवलं होतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तर आपल्या घरातलेच. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ ची. आपल्या गावात तिचं पारायण होतं, पण किती जणींनी लक्ष दिलं असेल की तिच्यात अंत्यसंस्कारावर एक वेगळा अध्याय आहे? ग्रामसफाई, शिक्षण, महिलोन्नती यांच्याबरोबर महाराजांनी हा विषयही गावाच्या कामात धरला. मरण हे एका घरावरचं संकट असलं तरी त्याची व्यवस्था सगळ्या गावाने साधेपणाने करावी, ही त्यामागची दृष्टी. आजही विदर्भात गुरुदेव सेवा मंडळाचे लोक सामुदायिक प्रार्थना म्हणून साधा अंत्यविधी करतात. म्हणजे साध्या विधीचं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

याच काळातला तिसरा मोठा बदल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा आहे, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी. दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने त्यांचा अंत्यविधी झाला. तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत त्यानंतर बदलली. कोणाचं काही अडलं का? कोणाचा आत्मा भटकला का? उलट एक खर्च गेला आणि एक मान आला.

१९५६ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी १७ जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याआधी १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क दिला होता, पण तो तिच्या हयातीपुरता. ती मालक नव्हती, राखणदार होती. १९५६ च्या कायद्याने ती पूर्ण मालक झाली. नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई या सगळ्यांना सारखा वाटा. २००५ मध्ये कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलासारखाच हक्क मिळाला. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. गोंड, कोलाम, आंध अशा अनुसूचित जमातींना तो सरळ लागू होत नाही, आणि मुस्लिम भगिनींचा वारसा कायदा वेगळा आहे. त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे विचारावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

म्हणजे मडकं धरील तो वारस, ही समजूत कायद्याने १९५६ मध्येच मोडीत काढली. आग कोणीही देवो, त्याने वाटा कमी-जास्त होत नाही. मडकं पुतण्याने धरलं म्हणून शेत पुतण्याचं होत नाही. ही गोष्ट आपल्या गावात आपणच सांगायला हवी.

मग अडतं कुठे? कागदावर अडतं. या कागदाचाही आपल्या भागात एक इतिहास आहे. इंग्रजांच्या काळापासून वऱ्हाडात गावाचा कोतवाल जन्म-मरणाची खबर द्यायचा आणि तिची नोंद व्हायची. त्यालाच आपण कोतवाल बुक म्हणतो. आज एखाद्या मुलीला जात पडताळणीसाठी पुरावा लागला की तिचा बाप कोतवाल बुकाची नक्कल शोधत कचेरीत फिरतो. पणजोबाच्या मरणाच्या नोंदीत जात लिहिलेली असते, आणि त्या एका ओळीवर नातीचा कॉलेजचा प्रवेश होतो. बघा, मरणाची नोंद किती पिढ्या कामाला येते!

आता ही नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने होते. घरी मृत्यू झाला असेल तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला खबर द्यायची. दवाखान्यात झाला असेल तर दवाखाना कळवतो, पण नाव, वय आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आपण पाहायचं. २१ दिवस उलटले की आधी दंड लागतो, महिना उलटला की वरची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. दुसरा कागद वारस नोंदीचा. जमीन वारसाने आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, असं महसूल कायदा सांगतो. फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. कित्येक सातबाऱ्यांवर आजोबाच अजून जिवंत आहेत! म्हणूनच २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली.

आपल्या जिल्ह्यात मरण नेहमी म्हातारपणीच येत नाही, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं. २०१७ च्या खरिपात फवारणीची विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. साप चावणं, वीज पडणं, विहिरीत पडणं, आत्महत्या, यातलं काही घडलं तर घाईने सरणावर नेऊ नका. आधी पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. ‘मेलेल्या माणसाची चिरफाड कशाला’ असं म्हणणारे म्हणतील. पण तो कागद नसेल तर मागे राहिलेल्या बाईची मदत तिथेच संपते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात लवकर, महिन्याच्या आत, अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात, तो अर्ज तहसीलमध्ये.

आता पुन्हा तेरवीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्यांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करत मुलं वाढवली. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांनीच एक नाटक रंगभूमीवर आणलं, त्यात त्या उभ्या राहिल्या. त्या नाटकाचं नाव ‘तेरवं’. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन वैशालीताईंच्या हातून झालं. ज्या बाईला गावात शुभकार्यात मागे उभं करतात, तिने साऱ्या महाराष्ट्रासमोर दिवा लावला. आपल्याच मातीतली ही गोष्ट आहे.

आणि आता सगळ्यात जवळचा बदल. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की, माझ्या मरणानंतर माझ्या बायकोचं मंगळसूत्र काढू नये, कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत. नवऱ्याने जिवंतपणी लिहून दिलं, म्हणजे ‘मयताच्या आत्म्याला काय वाटेल’ हा प्रश्नच मिटला. या विचारातून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला: आमच्या गावात विधवा प्रथा बंद. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, काही नाही. दोनच आठवड्यांत, १७ मे २०२२ ला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं.

आता हा सगळा इतिहास एकत्र ठेवून पाहा. जोतीरावांनी इच्छा आधी सांगितली आणि वारस आधी लिहून ठेवला. गाडगेबाबांनी आधी सांगून ठेवलं. तुकडोजी महाराजांनी पुस्तकात लिहिलं. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली. हेरवाडने ठराव केला. ज्याने ज्याने रीत बदलली त्याने ती मरणाच्या दिवशी नाही, आधी बदलली. मयतीच्या दिवशी बाईला भांडायचं बळ नसतं, आणि भांडली तर लोक तिलाच नावं ठेवतात. म्हणून हे बोलणं शांत दिवशी, गटाच्या बैठकीत व्हायला हवं.

आमची सूचना एवढीच आहे. पुढच्या बैठकीत गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान यासाठी ठेवा. आपल्या गटातल्या कोणाच्या घरी मयत झाली तर पहिल्या दिवशी तिच्याजवळ कोणत्या दोघी बसतील आणि बांगड्या फोडायला आलेल्या हाताला प्रेमाने धरतील, त्यांची नावं लिहा. २१ दिवसांची नोंद आणि वारसाचा अर्ज यासाठी तिच्याबरोबर कोण जाईल, ते लिहा. तेरवीसाठी गटातून कर्ज द्यायचं की नाही, द्यायचं तर किती, याची मर्यादा ठरवा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे, तो अशा वेळी दोन-तीन महिन्यांच्या किराण्याला आणि पोरांच्या फीला वापरता येतो. आणि एक नियम मोठ्या अक्षरात लिहा: सुतकात कोणत्याही कागदावर सही नाही, अंगठा नाही. हक्कसोड पत्राचा कागद त्याच दिवसांत पुढे येतो. तेरा दिवसांनी, वाचून, समजून मग काय ते.

घरीही एकदा बोला. नवऱ्याला विचारा, तुमची काय इच्छा आहे? पासबुकावर वारस म्हणून नाव कोणाचं आहे? विम्याचा कागद कोणत्या पेटीत आहे? आणि आपलीही इच्छा सांगा. आपलं मरण आलं तर आग लेकीने द्यावी असं वाटत असेल तर तिला आणि भावाला, दोघांनाही आजच सांगून ठेवा.

गावात स्मशानभूमीला शेड नसेल, पावसाळ्यात ताडपत्री धरून जाळावं लागत असेल, तर ग्रामसभेत तोही विषय मांडा. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतीला त्यासाठी पैसा मिळतो. आणि त्याच ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडता येतो. मांडायला एक बाई, अनुमोदन द्यायला दुसरी बाई लागते. आपल्या गटात तर दहा-बारा जणी आहेत.

तुमच्या गटाने त्या पानावर काय लिहिलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.